गोळीवरील खटला

वैद्यकावरील पुस्तकाचें आयुष्य फार थोडें असतें. काव्य जुनें झालें तर त्यास मान मिळतो, इतिहास जुना झाला तर तो निदान साधन म्हणून उपयोगी पडतो. परंतु औषधांविषयींचें पुस्तक दहा वर्षांनीं उघडलें तर त्यांतील निम्म्या मात्रा बदललेल्या व उरलेलीं औषधें बाजारांतून नाहींशीं झालेलीं आढळतात. असें असतां बार्बरा सीमन ह्या अमेरिकन लेखिकेच्या ‘द डॉक्टर्स केस अगेन्स्ट द पिल’ ह्या १९६९ सालीं निघालेल्या पुस्तकाचें परीक्षण आज एका वाङ्मयीन मासिकांत कां करावें, असें वाचक विचारतील. उत्तर असें कीं, ह्या पुस्तकांतील वैद्यक बरेंचसें जुनें झालें असलें, तरी त्यानें उभा केलेला मुख्य प्रश्न वैद्यकाचा नाहींच. तो साक्षीचा आहे. एखाद्या औषधानें शरीरास काय होतें हें सांगण्याचा अधिकार कोणाचा? तें घेणारीचा, कीं तें देणाऱ्याचा? हें मासिक ज्या घरांत जातें त्यांपैकीं पुष्कळ घरांत संततिनियमनाची गोळी कधींना कधीं जाऊन आलेली आहे. आणि तिच्याविषयीं जें कांहीं बोललें जातें तें बहुधा स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडीत नाहीं.

प्रथम गोळीची हकीकत सांगितली पाहिजे, कारण तीवांचून पुस्तकाचा रोख कळणार नाहीं. स्त्रीच्या अंडाशयांतून दरमहा बीज सुटतें तें मेंदूच्या तळाशीं असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीच्या आज्ञेनें. एस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ह्या दोन संप्रेरकांच्या कृत्रिम प्रतिकृति रोज पोटांत गेल्या म्हणजे ती ग्रंथि फसते, आज्ञा निघत नाहीं व बीजहि सुटत नाहीं. युक्ति मोठी चतुर आहे. परंतु रबरी टोपीप्रमाणें ती एका जागीं राहणारी नव्हे. गोळींतील द्रव्य रक्ताबरोबर सर्व शरीरांत फिरतें, आणि एस्ट्रोजेन यकृतांत पोंचलें म्हणजे रक्त गोठविणाऱ्या घटकांचें प्रमाण वाढतें. शिवाय हें औषध रोग्याला द्यावयाचें नसून धडधाकट तरुण स्त्रीला, रोज आणि वर्षानुवर्षें द्यावयाचें आहे. विषमज्वरानें अंथरुणास खिळलेला मनुष्य औषधाची थोडीबहुत बाधा आनंदानें सोसतो. जिला कांहींच झालेलें नाहीं तिनें किती सोसावें ह्याचें माप निराळें असलें पाहिजे.

मार्गारेट सँगर ह्या बाईंचें नांव आपल्याकडे अपरिचित नाहीं. १९३५ च्या डिसेंबरांत त्या वर्ध्यास येऊन गांधीजींशीं संततिनियमनावर वाद घालून गेल्या होत्या. त्यांच्या आग्रहानें व कॅथरीन मॅकॉर्मिक ह्या धनिक बाईंच्या पैशानें ग्रेगरी पिंकस ह्या शास्त्रज्ञानें आणि जॉन रॉक ह्या स्त्रीरोगतज्ज्ञानें ही गोळी सिद्धीस नेली. तिची मोठी परीक्षा १९५६ सालीं प्वेर्तो रिको बेटांत, रिओ पिएद्रास येथें सुरू झाली. तेथें देखरेख करणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे ह्या बाईंनीं अहवाल दिला कीं, गोळी गर्भधारणा पूर्णपणें टाळते, परंतु १७ टक्के बायकांना मळमळ, घेरी, डोकेदुखी, वांत्या असे त्रास होतात, आणि हे त्रास पाहतां ती सर्वसाधारण वापरास योग्य नाहीं. पिंकसला हे त्रास बव्हंशीं मनाचे खेळ वाटले. १९५७ सालीं सर्ल कंपनीच्या ‘एनोव्हिड’ ह्या गोळीस मासिक पाळीच्या तक्रारींसाठीं, व १९६० सालीं संततिनियमनासाठीं अमेरिकन सरकारची परवानगी मिळाली.

त्या मूळच्या गोळींत मेस्ट्रॅनॉल नांवाचें एस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम असे. आज आपल्या सरकारी दवाखान्यांतून फुकट मिळणाऱ्या ‘माला-एन’ गोळींत एथिनिल एस्ट्रॅडिओल हें एस्ट्रोजेन अवघें ३० मायक्रोग्रॅम असतें. मेस्ट्रॅनॉलचें शरीरांत एथिनिल एस्ट्रॅडिओलच होतें व त्या रूपांतरांत कांहीं अंश गळतो; ती तूट वजा घातली तरी पहिली गोळी आजच्या गोळीच्या तिपटीहून जड होती. सीमनबाईंचें पुस्तक वाचतांना हा आंकडा डोळ्यांपुढून हलूं देऊं नये. तो नजरेआड झाला तर सामान्य वाचक विनाकारण घाबरेल आणि डॉक्टर विनाकारण हंसेल.

सीमनबाई डॉक्टर नव्हत्या. स्त्रियांच्या मासिकांतून आरोग्यावर लिहिणाऱ्या त्या पत्रकार. पुस्तक निघालें तेव्हां त्यांचें वय अवघें ३४ वर्षांचें. त्यांच्या लेखांवर वाचक भगिनींचीं पत्रें येत, आणि त्या पत्रांतून एकच सूर पुनःपुन्हां निघे: गोळी सुरू केल्यापासून असें असें होतें, डॉक्टरांना सांगितलें तर ते म्हणतात कीं त्याचा गोळीशीं संबंध नाहीं. अशीं पत्रें बहुधा रद्दीच्या टोपलींत जातात. बाईंनीं तीं ठेविलीं, आणि मग त्या ह्याच तक्रारी घेऊन डॉक्टरांकडे व संशोधकांकडे गेल्या. पुस्तकाची घडण ह्या दुहेरी फेऱ्यांतून झालेली आहे. रक्ताची गुठळी, मेंदूंतील रक्तवाहिनीचा अडथळा, मधुमेह, कर्करोग, वंध्यत्व, विषण्णता, कामेच्छेचा लोप, असे एकामागून एक विषय येतात. आणि बहुतेक ठिकाणीं एका हातांत तज्ज्ञाचें मत व दुसऱ्या हातांत एखाद्या बाईची हकीकत, अशी लेखिकेची चाल आहे. भाषा आटोपशीर, वेगवान, वृत्तपत्री वळणाची, वाक्यें लहान. क्वचित् नाटकी झाक येते, ती टाळतां आली असती तर बरें झालें असतें.

ह्यांतील शोध लेखिकेचे नव्हेत, आणि त्या तसा आवहि आणीत नाहींत. १९६१ सालींच इंग्लंडांतील जॉर्डन नांवाच्या एका साध्या डॉक्टरानें ‘लॅन्सेट’मध्यें पत्र लिहून कळविलें होतें कीं, एनोव्हिड घेणाऱ्या एका परिचारिकेच्या फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या अडकल्या. १९६८ सालीं व्हेसी व डॉल ह्या दोघां संशोधकांनीं हिशेब मांडला: गोळी घेणाऱ्या दर लाख स्त्रियांमागें वर्षाकांठीं सुमारें ४७ जणींना शिरांतील गुठळीमुळें इस्पितळांत जावें लागतें, न घेणाऱ्यांत हेंच प्रमाण सुमारें ५. म्हणजे तज्ज्ञांच्या नियतकालिकांत हें सर्व छापून आलें होतें. तें फक्त गोळी गिळणारीच्या कानीं गेलेलें नव्हतें. पुस्तकाचें खरें काम हें कीं, बंद दाराआड चाललेली चर्चा त्यानें दिवाणखान्यांत आणली. हें काम शोधापेक्षां कमी दर्जाचें आहे असें ज्यांना वाटतें, त्यांनीं धर्मग्रंथ देशभाषेंत आणणाऱ्यांविषयीं आपल्या पूर्वजांपैकीं कांहींचें काय मत होतें तें आठवावें.

आतां दोष. पहिला दोष असा कीं, बाईंना हकीकत सांगतां येते, पण हकीकत किती जणींमागें एकीची आहे हें सांगण्याचा कंटाळा आहे. वाचकाचें मन एका तरुणीच्या मृत्यूनें हलतें. परंतु ती तरुणी हजारांतली एक कीं लाखांतली एक, हें कळल्याशिवाय वाचक निर्णय घेऊं शकत नाहीं. व्हेसी व डॉल ह्यांचेच आंकडे दोन रीतींनीं वाचतां येतात. धोका नऊपट झाला, ही एक रीत. दोन हजार स्त्रियांत वर्षास एकीला हा त्रास होतो, ही दुसरी. दोन्ही खरीं आहेत, आणि प्रामाणिक लेखकानें दोन्ही एकाच पानावर लिहावीं. प्रतिपक्षाचें वर्तन मात्र ह्याहून सरळ नव्हतें. गोळीचे कैवारी नेहमीं म्हणत कीं गर्भारपणांत व बाळंतपणांत धोका ह्याहून अधिक आहे. हें खरें आहे, पण अर्धें खरें. गोळी सोडली कीं गर्भारपण हा एकच रस्ता उरतो असें त्यांत गृहीत धरलेलें असतें. जणूं जगांत दुसरें साधनच नाहीं, आणि जणूं नवऱ्याला कांहीं करतांच येत नाहीं.

दुसरा दोष अधिक खोल आहे, आणि तो शीर्षकापासूनच सुरू होतो. ‘केस’ ह्या इंग्रजी शब्दाचा अर्थ खटला असा होतो व रोगी असाहि होतो. लेखिकेला दोन्ही हवे असावेत. परंतु खटला कोणाचा? डॉक्टरांचा. ज्या बायकांच्या पत्रांतून पुस्तक जन्मलें त्या फिर्यादी नाहींत. त्या पुराव्यांतल्या वस्तु आहेत. त्या काळीं बायकांचें म्हणणें बायकांच्या नांवावर कोणी ऐकलें नसतें, डॉक्टरांचें नांव पुढें केल्याशिवाय दार उघडलें नसतें, हा खुलासा रास्त आहे. पण नांव उसनें घेतलें म्हणजे त्याचें व्याजहि द्यावें लागतें. पुस्तकाची प्रस्तावना डॉ. ह्यू डेव्हिस ह्यांची आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठासारख्या नामांकित संस्थेंतील हा गृहस्थ. गोळीविरुद्ध तो बोलला कीं वृत्तपत्रें पहिल्या पानावर जागा देत. ह्या डेव्हिसनेंच गर्भाशयांत बसविण्याचें ‘डॅल्कन शील्ड’ नांवाचें एक साधन काढलें होतें, आणि तें विकणाऱ्या कंपनींत त्याचा भाग होता. गोळीवरील विश्वास उडाला तर बायका कोठें वळणार, हें त्याला पक्कें ठाऊक होतें. १९७० च्या जानेवारींत सिनेटच्या समितीपुढें साक्ष देतांना अशा साधनांतील हितसंबंधाचा प्रश्न निघाला, तेव्हां त्यानें तो झटकून टाकला. पुढें रॉबिन्स कंपनीनें हें साधन विकत घेऊन १९७१ पासून अमेरिकेंत धडाक्यानें खपविलें. त्याच्या दोऱ्याच्या रचनेंतच खोड होती: अनेक तंतूंच्या त्या दोऱ्यांतून जंतु वर गर्भाशयांत चढत. कित्येक बायकांचें गर्भाशय सडलें, कित्येक कायमच्या वांझ झाल्या, कांहीं मेल्या. १९७४ सालीं विक्री थांबली आणि १९८५ सालीं, दाव्यांच्या ओझ्याखालीं, कंपनीनें दिवाळें काढलें.

सीमनबाईंना हें आधीं ठाऊक होतें असा संशय घेण्यास मुळींच जागा नाहीं. परंतु टीकाकारानें ह्या प्रस्तावनेकडे पुन्हां पुन्हां गेलें पाहिजे, कारण पुस्तकाचा सर्व युक्तिवाद ह्या एका ठिकाणीं स्वतःवरच उलटतो. बाईंचें म्हणणें असें कीं डॉक्टरांनीं कंपन्यांच्या शब्दावर फार विश्वास टाकला. आणि बाईंनीं एका डॉक्टराच्या शब्दावर फार विश्वास टाकला. पत्रें लिहिणाऱ्या शेंकडों बायकांपैकीं एकीलाहि ह्या खटल्यांत पैशाचा लाभ नव्हता. ज्याच्या नांवानें दार उघडलें, त्याला होता.

गेलॉर्ड नेल्सन ह्या सिनेटरानें हें पुस्तक वाचून चौकशी लाविली, आणि ती दूरचित्रवाणीवरून घरोघरीं पोंचली. त्या वेळीं अमेरिकेंत अंदाजें ८५ लक्ष स्त्रिया गोळी घेत होत्या. त्यांपैकीं एकीलाहि साक्षीस बोलाविलेलें नव्हतें. खुद्द सीमनबाईंनाहि नाहीं. तज्ज्ञ पुरुष एकामागून एक उठून बायकांच्या शरीराविषयीं बोलत राहिले, तेव्हां प्रेक्षकांत बसलेल्या ॲलिस वुल्फसन व तिच्या मैत्रिणी उभ्या राहून मोठ्यानें विचारूं लागल्या कीं, गोळी घेणाऱ्या बाईला कोणी कां विचारीत नाहीं? त्यांना बाहेर काढण्यांत आलें. ह्या चौकशीचें फळ म्हणून गोळीच्या वेष्टनांत रुग्णासाठीं माहितीचा कागद घालण्याचा नियम झाला. वैद्याच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाबरोबर घेणाऱ्याला थेट उद्देशून असा कागद देण्याच्या अगदीं पहिल्या उदाहरणांपैकीं हें एक. परंतु सरकारी खात्यानें प्रथम सुमारें ६०० शब्दांचा मसुदा केला होता, आणि डॉक्टरांच्या संघटनांनीं व कंपन्यांनीं गलका केल्यावर तो १०० शब्दांच्या आसपास आला. अधिक माहितीसाठीं डॉक्टरांना विचारावें, असा त्याचा रोख. ह्या पांचशें गळलेल्या शब्दांवर एखाद्यानें स्वतंत्र प्रबंध लिहावा. बाईमाणसाला फार सांगितलें तर ती घाबरते, हा विचार काय तो आपल्याकडचाच आहे असें नाहीं.

पांच दशकांहून अधिक काळानंतर त्या खटल्यांतील कोणतीं कलमें टिकलीं? रक्ताच्या गुठळीचें कलम टिकलें. एस्ट्रोजेनची मात्रा उतरली तसा धोका उतरला, पण शून्यावर आला नाहीं. अमेरिकन औषधखात्याच्या आंकड्यांप्रमाणें, गरोदर नसलेल्या व गोळी न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला १ ते ५ जणींना गुठळी होते. मिश्र गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९. गर्भारपणांत ५ ते २०. आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या बारा आठवड्यांत, त्याच वार्षिक मापानें, ४० ते ६५. ३५ वर्षांवरील व तंबाखू ओढणारी स्त्री, रक्तदाब चढलेली स्त्री, डोळ्यांपुढें वीज चमकून मग जिची अर्धशिशी उठते ती स्त्री, आणि नुकती बाळंत झालेली स्त्री, ह्यांना मिश्र गोळी देऊं नये हें आतां ठरलेलें आहे. क्षयावरील रिफाम्पिसिन हें औषध चालू असतां गोळीचा गुण कमी होतो, ही गोष्ट क्षयानें पछाडलेल्या आपल्या देशांत तर प्रत्येक घरीं ठाऊक असावयास हवी.

कर्करोगाचें कलम मात्र लेखिकेच्या भीतीप्रमाणें उतरलें नाहीं. स्तनांच्या कर्करोगाचें प्रमाण गोळी चालू असतां किंचित् वाढतें: डेन्मार्कांतील १८ लक्ष स्त्रियांच्या २०१७ सालच्या अभ्यासांत तें सुमारें २० टक्के अधिक आढळलें, म्हणजे सुमारें ७,७०० स्त्रियांत वर्षाला एक रोगी जास्त. ह्याच्या उलट अंडाशयाचा कर्करोग गोळीनें कमी होतो व तो लाभ गोळी सोडल्यावरहि अनेक वर्षें टिकतो. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचेंहि तसेंच. इंग्लंडांतील सामान्य डॉक्टरांच्या राजमान्य संस्थेनें १९६८ पासून ४६,००० स्त्रियांवर नजर ठेविली होती. २०१० सालीं तिनें जाहीर केलें कीं, एके काळीं गोळी घेतलेल्या स्त्रियांत एकूण मृत्यूचें प्रमाण न घेतलेल्यांपेक्षां जास्त तर नाहींच, उलट थोडें कमी आहे. कायमच्या वंध्यत्वाची भीति फोल ठरली. म्हणजे हें पुस्तक आज कोणी गोळीविरुद्ध शस्त्र म्हणून उगारील तर तो त्याचा दुरुपयोग होय. आणि तसा दुरुपयोग करणारे सनातनी, त्यांना बाईच्या प्रकृतीशीं कांहीं कर्तव्य नसतांहि, सर्व देशांत आहेत.

विषण्णतेचें कलम निराळें आहे, आणि प्रस्तुत लेखकास पुस्तकांतील सर्वांत मोलाचा भाग तोच वाटतो. गुठळी क्ष-किरणांत दिसते; मनाची मरगळ दिसत नाहीं. ती आहे असें सांगणारी एकच साक्षीदार असते, आणि तिच्या शब्दाला पुरावा म्हणावें कीं लक्षण म्हणावें हें ऐकणाराच्या मर्जीवर. पिंकसनें प्वेर्तो रिकोच्या बायकांच्या घेरीला मनाचा खेळ म्हटलें, तेंच पुढें मनाच्या दुःखालाहि म्हटलें गेलें. जणूं मनाचें दुखणें म्हणजे दुखणेंच नव्हे! २०१६ सालीं डेन्मार्कांतच दहा लक्षांहून अधिक तरुण स्त्रियांच्या नोंदी तपासून असें आढळलें कीं, मिश्र गोळी घेणाऱ्यांत विषण्णतेवरील औषध प्रथमच सुरू होण्याचें प्रमाण सुमारें २३ टक्के अधिक आहे, आणि १५ ते १९ वर्षांच्या मुलींत तर तें ८० टक्के अधिक आहे. एवढ्यानें कार्यकारणभाव सिद्ध झाला असें नव्हे. गोळी सुरू होण्याच्या वयांत आयुष्यांत इतरहि पुष्कळ कांहीं सुरू होतें. पुष्कळ स्त्रियांना तिनें कसलाच त्रास होत नाहीं, कित्येकींची पाळीची जीवघेणी वेदना तिनें थांबते. परंतु जिला त्रास होतो तिचें बोलणें सरकारी नोंदवह्यांची साथ मिळेपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षें ताटकळलें. पत्रांतून तें १९६९ पूर्वींच येऊन पडलें होतें.

आपल्याकडे ह्या विषयाचा पाया र. धों. कर्वे ह्यांनीं घातला. १९२१ सालीं मुंबईंत त्यांनीं संततिनियमनाचें केंद्र उघडलें, १९२३ सालीं पुस्तक लिहिलें, आणि १९२७ पासून १९५३ सालीं देह ठेवीपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविलें. गणिताच्या ह्या प्राध्यापकाचें गद्य त्याच्या विषयासारखें कोरडें व निःशंक आहे, आणि स्त्रीच्या सुखाचा हक्क त्यांच्याइतका उघडपणें त्या काळीं फार थोड्यांनीं मांडला. पण गोळी निघण्यापूर्वीं ते गेले. त्यांचीं साधनें शरीराच्या एका जागीं काम करणारीं होतीं, म्हणून सर्व देहास व मनास काय होतें हा प्रश्न त्यांच्यापुढें ह्या रूपानें कधीं आलाच नाहीं. त्यांच्यानंतर मराठींत ह्या विषयावर जें वाङ्मय पसरलें तें मुख्यत्वें प्रचाराचें: कुटुंब लहान असावें, देशाची लोकसंख्या अमुक झाली, दोन मुलांनंतर थांबावें. त्यांत स्त्री आहे ती चित्रांत, पदर सावरून हंसणारी.

बाई बोलत नव्हती असें मात्र नाहीं. ती बोलतच होती. तिची भाषा कोणी लिहून घेतली नाहीं. ‘गोळी उष्ण पडते’, ‘मला बाधली’, ‘अंगावरून सारखें जातें’, ‘डोकें धरून राहतें’, ‘कशांत मन लागत नाहीं’: हीं वाक्यें मराठी घरांत कोणी ऐकलीं नाहींत? डॉक्टर हीं अडाणीपणाचीं समजून सोडून देतो. वस्तुतः पहिल्या कांहीं महिन्यांत अवेळीं रक्त जाणें, मळमळ, डोकेदुखी हे गोळीचे नोंदलेले परिणाम आहेत. ‘उष्ण’ ह्या एका शब्दांत बाईनें तीन-चार लक्षणें बांधून आणलेलीं असतात, गांठ सोडण्याचें काम ऐकणाराचें आहे. ‘दुष्परिणाम’ हा आमचा भाषांतरित शब्द ह्या कामीं निरुपयोगी. त्यांत परिणाम औषधाच्या बाजूनें पाहिलेला आहे. ‘बाधणें’ ह्या क्रियापदांत तो जिला झाला तिच्या बाजूनें आहे. जातां जातां हेंहि सांगितलें पाहिजे कीं, गौरीगणपतींत पाळी पुढें ढकलण्यासाठीं नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या दुकानांतून परस्पर आणून मुलीसुनांना देण्याची चाल सुशिक्षित घरांत पडली आहे. त्याहि संप्रेरकाच्याच गोळ्या. मोठ्या मात्रेंत घेतल्या म्हणजे त्यांचा थोडा अंश शरीरांत एस्ट्रोजेनांत पालटतो. जिच्या पायांत पूर्वीं गुठळी झालेली आहे तिला त्या देतांना पंचांग पाहून भागत नाहीं.

सीमनबाईंच्या पुस्तकाशीं आपल्या इकडील जी घटना ताडून पाहावी ती नेट-एन ह्या टोंचण्याच्या औषधाची. १९८५ च्या सुमारास हैदराबादजवळ पाटणचेरू येथें त्याची परीक्षा चालली असतां बायकांना तें काय आहे हें नीट सांगितलेलें नाहीं असें स्त्री शक्ति संघटनेच्या कार्यकर्त्यांना आढळलें, आणि १९८६ सालीं इतर संस्थांसह ती सर्वोच्च न्यायालयांत गेली. खटला २००० सालीं मिटला. दोन महिन्यांनीं घ्यावयाच्या ह्याच औषधाला दुसऱ्या संप्रेरकाची जोड देऊन पुढें अनेक देशांत ३२० पुरुषांवर प्रयोग झाला. तो २०११ सालीं थांबविण्यांत आला, कारण मनःस्थितींतील बिघाड व इतर त्रास देखरेख करणाऱ्या समितीस फार वाटले. पुरुषांचे त्रास कोणी मनाचे खेळ म्हटले नाहींत, हें योग्यच झालें. २०१७ पासून ‘अंतरा’ ह्या नांवानें आपलें सरकार तीन महिन्यांनीं टोंचण्याचें दुसरें एक संप्रेरक, मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, फुकट देत आहे. तें घेत असतां हाडांतील घनता कांहींशी कमी होते. आणि फ्रान्सांतील नोंदींवरून २०२४ सालीं असें दिसलें कीं, तें वर्षभर किंवा अधिक घेणाऱ्यांत मेंदूच्या आवरणावरील एका गांठीचें प्रमाण पांचपटींहून अधिक आहे. ती गांठ मुळांतच विरळ, तेव्हां एकेकीचा धोका अल्पच. पण तो अल्प आहे हें तिला ठाऊक असण्याचा हक्क अल्प नव्हे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणींत विवाहित स्त्रियांपैकीं ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली, ५.१ टक्के गोळीवर, आणि पुरुषांच्या शस्त्रक्रियेवर विसंबणाऱ्या ०.३ टक्के आढळल्या. भार कोणावर आहे हें निराळें सांगावयास नको.

हिंदींत ‘शरीर की जानकारी’ नांवाचें एक लहान पुस्तक १९८९ सालीं निघालें. राजस्थानांतील ७५ खेडवळ बायकांनीं तें मिळून रचलें. उघडीं चित्रें त्यांना खोटीं वाटलीं, कारण बाई अशी कोणाला दिसतच नाहीं, म्हणून चित्रावर कागदाचा घागरा लावून तो उचलून पाहण्याची सोय त्यांनीं करविली. तेथें कोणा डॉक्टराचें नांव उसनें आणावें लागलें नाहीं. सीमनबाईंच्या पुस्तकाचें मराठी भाषांतर करावें असें कोणी म्हणाल्यास आम्ही म्हणूं, त्याऐवजीं पत्रें मागवावींत. ज्यांना मूळ पुस्तकच वाचावयाचें असेल त्यांनीं १९६९ ची आवृत्ति मिळवावी, हातांत पेन्सिल घेऊन प्रत्येक हकीकतीशेजारीं ‘किती जणींमागें?’ असें लिहीत जावें, आणि डेव्हिसची प्रस्तावना न गाळतां, शेवटीं वाचावी.